हात धरून दहा मिनिटे

पॉलिशवाल्याचा हात कधी रिकामा बसत नाही. तिचा तर नाहीच. जेवताना ताटाची कड, बसमध्ये समोरच्या सीटची दांडी, दवाखान्यात बाकाची फळी, हाताखाली जे येईल त्यावर तिचा उजवा तळवा गोल गोल फिरत राहायचा. तिला ते कळायचंही नाही. नवरा म्हणायचा, "अगं, माझ्या खांद्याला चकाकी आली. आता सोड."

फर्निचरच्या कारखान्यात ती सोळा वर्षं पॉलिशला होती. पुढच्या शेडमध्ये सुतार, मागे पॉलिशची खोली. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, धूळ उडते. लाख आदल्या दिवशी स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, जुन्या सुती कापडाचा बोळा बांधायचा आणि लाकडावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवत जायचं. हात थांबला की डाग पडलाच. जोर जास्त झाला की खालचा थर उठून येतो. एका चांगल्या टेबलाला तीस-पस्तीस थर. हे काम उभ्यानेच होतं. बसलं की खांद्यातून जोर येत नाही, नुसतं मनगट हलतं, आणि मनगटाचं पॉलिश जाणकार माणूस दारातून ओळखतो.

तिचंही ओळखू यायचं, ते वेगळ्या कारणाने. मिस्त्री, म्हणजे कारखान्याचा मुख्य सुतार, गिऱ्हाइकाला टेबलाजवळ उभं करायचा आणि म्हणायचा, "वाकून बघा. तुमचे दात मोजता येतील."

मग पोटाने दगा दिला.

दुखणं तसं जुनं होतं. पाळीच्या दिवसांत सगळ्याच बायकांचं दुखतं असं आईने सांगितलं, सासूने सांगितलं, आणि तिनेही स्वतःला तेच सांगितलं. पण तिशीनंतर ते पाळीपुरतं राहिलं नाही. महिन्यातले दहा-बारा दिवस ओटीपोटात कुणीतरी स्क्रू पिळतंय असं व्हायचं. कळ कमरेतून मांडीत उतरायची. एकदा बोळा हातात असताना ती टेबलावरच ओणवी झाली. ओल्या पॉलिशवर तिच्या दोन्ही कोपरांचे ठसे उमटले. ते टेबल पहिल्यापासून घासावं लागलं. कुणी काही बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं.

मिस्त्रीने तिला स्टुलावर बसवलं. पुढ्यात कपाटाच्या खणांच्या मुठींची पाटी ठेवली आणि पॉलिश पेपर दिला. "बरं वाटेपर्यंत एवढंच कर."

"बसून?"

"बसून. आणि तोंड वाकडं करू नकोस. मुठीसुद्धा कुणीतरी घासाव्याच लागतात."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढत होतं. दर महिन्याला तेही सुजायचं, तेही रक्त सोडायचं. त्या रक्ताला जायला वाट नाही, म्हणून दुखायचं. उपाय हार्मोनच्या इंजेक्शनचा. दर बारा आठवड्यांनी एक. पाळी थांबेल, त्या अस्तराला विश्रांती मिळेल.

"दोन वर्षं घेऊ," बाई म्हणाल्या. "मग बंद करून बघू."

"बंद केल्यावर मग..." तिने विचारलं आणि पुढचं विचारलं नाही.

"राहू शकतं मूल," बाईंनी पुढचंही ऐकलं होतं. "खात्री देत नाही. पण वाट बंद होत नाही."

हे शेवटचं वाक्य ती जपून घरी घेऊन आली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मूल हा विषय दोघांनी केव्हाच माळ्यावर टाकला होता. माळ्यावर टाकला होता, फेकला नव्हता.

इंजेक्शनच्या खोलीत मोठ्या सिस्टर होत्या. निवृत्तीला आलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, गुडघ्यांवर हात ठेवून उठणाऱ्या. काम करणाऱ्याला दुसऱ्याचं काम दिसतं. तिने पहिल्याच दिवशी त्यांचे हात नीट पाहून घेतले. औषधाची बाटली अंगठ्याएवढी. तळाशी पांढरा गाळ, वर निवळ पाणी. मोठ्या सिस्टर ती चिमटीत धरून खसाखसा हलवत आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत. पुरते साठ.

"गाळ खाली राहिला तर तुला नुसतं पाणी टोचल्यासारखं आहे," त्या म्हणाल्या.

तिला लगेच पटलं. लाखही तळाला बसते. न ढवळता वरची घेतली तर लाकडाला नुसतं स्पिरिट लागतं.

मग जाड सुई, खुब्याच्या वरच्या मांसात, सरळ आणि खोल. दट्ट्या सावकाश. "श्वास सोड. झालं." कापूस दाबून त्या म्हणाल्या, "चोळू नकोस हं." ती "हो" म्हणाली आणि बाहेर पडली.

ते इंजेक्शन नऊ आठवडे पुरलं. पुढचे तीन आठवडे तिने दात खाऊन काढले. सगळे म्हणाले, पहिल्यांदा असंच होतं, अंगवळणी पडायला वेळ लागतो.

दुसऱ्या वेळी मोठ्या सिस्टरनी सुई काढल्यावर तिला जाऊ दिलं नाही. भिंतीलगतच्या बाकावर बसवलं, स्वतः स्टूल ओढून समोर बसल्या आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अगं बाई! हा हात आहे की कानस?"

"पॉलिशवाली आहे मी, सिस्टर."

"मग माझ्या कपाटाला कधी करतेस? त्याचं तोंड माझ्यासारखं झालंय."

ती हसली. हात सुटेल असं तिला वाटलं होतं. सुटला नाही. त्या हाताला लाखेचा वास यायचा, नखांत तपकिरी रेघा असायच्या. पाहुण्यांत ती तो मागे लपवायची. आई गेल्यापासून तो कुणी असा धरला नव्हता, काही द्यायचं-घ्यायचं नसताना, नुसता. मोठ्या सिस्टर आपल्या लेकीचं सांगत होत्या. लेक लांब होती, फोनवर आधी "जेवलीस का?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःचं सुरू करायची. मग त्यांनी तिला विचारलं, आणि तिनेही सांगितलं. आईचं, टेबलावरच्या कोपरांच्या ठशांचं, बारा वर्षांचं. घरीसुद्धा न बोललेलं.

दारात रांग असायची. कुणी डोकावलं की मोठ्या सिस्टर आतल्या दुसऱ्या सिस्टरला हाक मारत, "तू घे गं पुढचं. मी कामात आहे."

तीन इंजेक्शनं अशी झाली. तिन्ही बारा-बारा आठवडे टिकली. खोली चारला उघडायची, तिचा नंबर पहिला-दुसरा, आणि घरी ती पाचच्या बसने यायची. या नऊ महिन्यांत ती पुन्हा टेबलाशी उभी राहिली. सकाळी बोळा हातात घेतला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोट आहे याची आठवणही व्हायची नाही. ज्याचं कधी दुखलं नाही, त्याला यातलं सुख कळणार नाही.

पाचव्या इंजेक्शनला ती गेली तेव्हा स्टुलावर दुसरंच कुणी होतं. मोठ्या सिस्टर रिटायर होऊन लेकीकडे गेल्या होत्या. कुठल्या गावाला, ते सांगणाऱ्यालाही धड माहीत नव्हतं.

नव्या सिस्टर चटपटीत. ट्रेमध्ये सुई भरून तयार. टोचली कधी, काढली कधी, कळलंही नाही. "चोळू नका, पुढच्या या." हे एका दमात, पाठ फिरवून, वहीत लिहीत. चार वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर. बाकाकडे तिने एकदा वळून पाहिलं. त्यावर कापसाची खोकी रचून ठेवली होती.

नवव्या आठवड्यात पोट दुखायला लागलं. त्याच्या पुढचं इंजेक्शन तर आठ आठवडेच पुरलं. पुन्हा स्टूल, पुन्हा मुठी.

त्याच सुमारास कारखान्यात मोठं काम आलं. बारा माणसांचं लंबगोल टेबल, शिसवाचं. सुतारांनी ते जोडून पॉलिशच्या खोलीत आणून ठेवलं आणि वर चादर टाकली. मिस्त्री म्हणाला, "हे तुझं. पण किती दिवस थांबू ते सांग. गिऱ्हाईक माझ्या उरावर बसलंय."

सुट्टीत सगळे बाहेर गेले की ती चादर उचलायची आणि कोऱ्या लाकडावरून हात फिरवायची. पहिला थर कुठून सुरू करायचा, कड कशी सांभाळायची, सगळं डोक्यात तयार होतं. उभं राहायला तेवढं पोट हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. "औषध पुरत नाहीये तुम्हाला. अजून एक देऊन बघते. तेही बारा आठवडे टिकलं नाही, तर मग ऑपरेशनचं बोलावं लागेल. पिशवी काढण्याचं."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्यासमोर सगळं ओकून टाकलं. तो सिटी बसवर ड्रायव्हर, मितभाषी, घड्याळाचा पक्का.

"औषधात काही खोट नाही. द्यायच्या पद्धतीत आहे. ती बाटली हलवतच नाही. मी तरी हलवताना पाहिलेली नाही. सगळा गाळ तळाशी राहत असणार."

"बरं."

"सुईसुद्धा बारीक वाटते. खोल जातच नसेल."

"बरं. अजून?"

"आणि घाई. टोचलं की हाकललं. मोठ्या सिस्टर कशा बसवायच्या, बोलायच्या..."

"तू इंजेक्शनला जातेस की गप्पांना?"

"तुम्हाला नाही कळणार. तुम्ही स्टिअरिंग धरून बसता, तुमचा हात कोण धरणार?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख शोधली. मग म्हणाला, "यावेळी मी येतो. रजा टाकतो. तू तिला तोंडावर विचार. भांडायचं नाही, विचारायचं."

ती गेली ती कंबर कसूनच. नवरा दाराबाहेरच्या बाकावर बसला. खोलीत शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "सिस्टर, माझी बाटली माझ्यासमोर हलवा."

नव्या सिस्टरनी मान वर केली. बाहेर पंधरा बायका होत्या. रागावतील असं तिला वाटलं, पण त्यांनी नवी बाटली काढली, तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि हलवायला लागल्या. मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. साठपर्यंत. गाळ उठला, सगळं दुधासारखं झालं.

"रोज अशीच हलवते, ताई. चारच्या आधी. पहिल्या दोघी-तिघींच्या भरून ठेवते आणि टोचताना परत हलवते. तुम्ही तोवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झालेल्या असता, तुम्हाला दिसणार कशी?"

"आणि सुई?"

"ही बघा. हिच्याहून जाड सुई माझ्याकडे नाही. बैलाची आणू?"

ती ओशाळली. काही चुकीचं सापडेना. आडवी झाली. सुई गेली, सरळ आणि खोल. आज नीट लक्ष दिलं तेव्हा कळलं, दट्ट्याही सावकाशच होता. घाई होती ती त्याच्या आधी आणि नंतर.

"चोळू नका," नव्या सिस्टर म्हणाल्या आणि वहीकडे वळल्या. पण आज या बाईने त्यांना छेडलं होतं, म्हणून त्यांनी पुन्हा मागे वळून पाहिलं.

"अहो! काय करताय? हात काढा!"

तिने खाली पाहिलं. तिचा उजवा तळवा खुब्यावर होता आणि फिरत होता. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. खांद्यातून जोर देऊन.

"मी कुठे चोळतेय..." ती म्हणाली.

"असं चोळता तुम्ही? दरवेळी? घरी जाईपर्यंत?"

तिला आठवेना. हाताने काय केलं ते हाताला विचारावं लागलं असतं. बसस्टॉपवर उभी असताना, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर, हात कुठे असायचा?

"ते औषध मांसात साठून राहायला हवं," नव्या सिस्टर म्हणाल्या. "थोडं थोडं झिरपतं, म्हणून तर बारा आठवडे पुरतं. चोळून पसरवलंत की आधीच संपायचं. आम्हाला तरी असंच शिकवलंय."

तिचे कान तापले. ओल्या थराला हात लावू नका, तो आपला आपण बसू द्या, हे पॉलिशच्या खोलीत सोळा वर्षं ती येईल त्याला सांगत आली होती.

नव्या सिस्टरनी कपाटातून तिचं जुनं कार्ड काढलं. "दीड वर्ष होत आलं सुई घेताय, कुणालाच कसं दिसलं नाही?" त्यांनी कार्ड उलटलं आणि मागचं वाचलं. मग ते तिच्यापुढे धरलं. मागच्या बाजूला, दुसऱ्या इंजेक्शनच्या तारखेसमोर, बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

"चोळते. सांगून उपयोग नाही, हातालाच कळत नाही. सुईनंतर दहा मिनिटे हात धरावा."

पुढच्या दोन तारखांसमोर नुसतं, "हात धरला."

"मी मागची बाजू वाचलीच नव्हती," नव्या सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "चुकलं माझं. पण ताई, मला आता दहा मिनिटं कुठली..." त्यांनी दाराकडे पाहिलं. "बरोबर कुणी आहे?"

नवऱ्याला सगळं दारातच सांगितलं गेलं. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, तिला बाकावर बसवलं आणि तिचा उजवा हात धरला. स्टिअरिंग धरावं तसा, घट्ट, समोर बघत. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. एक म्हणाली, "एवढं दुखतं की काय?"

"नाही," तो म्हणाला. "पळून जाते."

बायका हसल्या. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती तिरकी अक्षरं होती. म्हणजे तो हात औषधासाठी होता. कानस म्हणाल्या, कपाटाचं म्हणाल्या, लेकीचं सांगितलं, सगळं तिचा तळवा अडकवून ठेवायला. "मी कामात आहे" म्हणायच्या, ते खरंच होतं. आणि ती खुळी सहा महिने त्या हातासाठी झुरली. काम चोख होतं, यात शंका नव्हती. असं चोख काम तिने स्वतः केलं असतं तर तिला अभिमान वाटला असता. 

"झाली दहा," नवरा म्हणाला. हात सोडला नाही. तसेच ते स्टॉपवर गेले.

समोरून बस येताना दिसली. त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. "चार-तीसची. वेळेवर आहे." मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "एक सांग. त्या मोठ्या सिस्टर होत्या तेव्हा तू पाचच्या गाडीने यायचीस ना?"

"हो."

"नेहमी?"

"नेहमी. का?"

"चार-दहाला सुई. दहा मिनिटं हात धरायचा. चार-वीस. इथे यायला पाच मिनिटं. म्हणजे चार-तीसची गाडी तुला मिळायलाच हवी होती. तीन खेपेत एकदाही कशी मिळाली नाही?"

ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. हिशोब सोपा होता. चार-वीसपर्यंत औषधाचं. त्यानंतरचा अर्धा तास कशाचा होता, ते कार्डावर लिहिलेलं नव्हतं. सहावा, सातवा स्टॉप आला आणि गेला. नवऱ्याने तिचा हात धरलेला होता. चांगला हात होता, ऊन आणि भक्कम. पण तो मोठ्या सिस्टरचा हात नव्हता.

मग तिने आठवडे मोजले. आठवा गेला. नववा गेला. बसताना ती उजवा हात मांडीखाली दाबून बसायची. सुतार विचारायचे, हाताला काय झालं? दहाव्यात मिस्त्रीने टेबलावरची चादर काढली आणि पॉलिशचं भांडं तिच्यापुढे ठेवलं. बाराव्या आठवड्याच्या शनिवारी ती चौतिसाव्या थरावर होती. उभी. पोट गप्प होतं.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा कागद फाडला नाही, पण फाइलच्या तळाशी सरकवला. "हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं होतील. मग बंद करून बघू, ठरलंय तसं."

शेवटच्या इंजेक्शनला ती एकटीच गेली. नवऱ्याला रजा नव्हती आणि तिने मागू दिलीही नाही. नव्या सिस्टरनी बाकावरची खोकी आधीच उचलून ठेवली होती. सुई काढल्यावर वहीकडे वळता वळता त्या ओरडल्या, "ताई, हात!" तिने उजवा हात डाव्यात घेतला आणि बाकावर बसली.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. दहा मिनिटं झाली.

"झालं हो, ताई. जा तुम्ही आता."

"बसते जरा. चालेल ना?"

"बसा की. बाकावाचून कुणाचं अडलंय."

बायका येत होत्या, जात होत्या. बाटली हलत होती. एक, दोन, तीन. मोठ्या सिस्टरचं स्टूल कोपऱ्यात होतं, त्यावर औषधांची परात होती. त्यांच्या कपाटाला पॉलिश करायचं राहिलं, हे तिला आज प्रथमच जाणवलं. मनात तिने ते करून पाहिलं. आधी जुनं खरवडायचं, मग बारीक पॉलिश पेपर, मग पहिला पातळ थर, आणि तो बसू द्यायचा. दहाव्या थरापर्यंत आली तेव्हा चार-तीसची बस खिडकीबाहेरून गेली. तिने ती जाऊ दिली.

पाचच्या बसला गर्दी असते. बसायला जागा मिळाली नाही. घरापर्यंत तिला उभ्यानेच यावं लागलं, आणि उभं राहता येत होतं.